इरकल गेली हेलिकॉप्टरला

आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या कंपाउंडमध्ये एक कढीपत्त्याचं झाड आहे. मूळ त्यांच्याकडे, फांद्या आमच्याकडे. त्यामुळे फोडणीच्या वेळी रोज भेट होतेच. वहिनी बेळगावच्या शहापूरकडच्या. चाळीस वर्षं बेंगळुरूत काढली, तरी ‘मी येतो’, ‘मी सांगतो’ हेच त्यांच्या तोंडी. बेळगावच्या बायका तसंच बोलतात, त्यात नवल नाही. परवा सकाळी मी डहाळी ओढली तर पलीकडून आवाज आला.

“ताई, थांबा की. तुम्हाला एक गोष्ट सांगायची हाय. झोप नाही मला रातभर.”

“काय झालं हो?”

“माझी इरकल विकली ओ पोरीनं!”

लेक स्विंडनला असते, इंग्लंडमध्ये. त्या गावात म्हणे आपल्या गोव्याचे लोक इतके आहेत की रस्त्यावर कोंकणी ऐकू येते. जाताना वहिनींनी तिला टोपतेनी पदराची इरकल दिली होती, शहापूरच्या खडेबाजारातून घेतलेली. ती तिनं तीन वर्षांत एकदाही नेसली नाही आणि आता धर्मादाय दुकानात देऊन टाकली. कसलं धर्मादाय, तर हेलिकॉप्टरचं.

“हेलिकॉप्टरला साडी कशाला लागते?” मी विचारलं.

“मी पण तेच विचारलो! तर म्हणते, आई, इथं हवाई रुग्णवाहिका सरकार चालवत नाही, लोक चालवतात. जुने कपडे, जुनी भांडी विकून. आणि वर लॉटरी! दर आठवड्याला एक पौंड भरायचा. जावई पण भरतो. मी म्हटलो, लग्नात तर निर्व्यसनी म्हणून सांगितला होता की.”

आता यात वहिनींचा गैरसमज कमी आणि तिकडची रीतच अजब. इंग्लंडमध्ये एरवी दवाखाना फुकट, रस्त्यावरची रुग्णवाहिका सरकारी, पण हेलिकॉप्टर मात्र वर्गणीवर उडतं. 1987 साली कॉर्नवॉलमध्ये पहिलं सुरू झालं आणि तेव्हापासून ही प्रथाच पडली. भागाभागाची आपली संस्था, आपला रंग, आपली लॉटरी. आपल्याकडे गणपतीची वर्गणी असते ना, तशी. फक्त स्पीकर नाही. आणि राजपुत्र विल्यम यानेसुद्धा 2015 ते 2017 अशी दोन वर्षं पूर्व इंग्लंडच्या अशाच एका सेवेत, केंब्रिजच्या तळावरून पायलटची नोकरी केली. पाळ्या लावून, रात्रपाळीसकट. पगार दान करायचा.

“राजाचा नातू रात्रपाळी करायचा?”

“राणीचा, वहिनी. तेव्हा राणी होती.”

“कुणाचा का असंना. आमच्या जावयाला रात्रपाळी म्हटलं की पोटात दुखतंय.”

मग मुद्दा निघाला तळाचा. साडी म्हणे नव्या तळासाठी गेली होती, असं वहिनींच्या डोक्यात. लेकीनं फोटो पाठवला होता, शेताच्या मधोमध हँगर. तो तळ तिच्या परगण्याच्या, म्हणजे विल्टशायरच्या संस्थेचा, सेमिंग्टन गावापाशी, आणि 2018 सालापासून तो चालू आहे. त्याआधी कित्येक वर्षं त्यांचं आणि पोलिसांचं मिळून एकच हेलिकॉप्टर होतं. चोर धरायलाही तेच, पेशंट उचलायलाही तेच. 2014 संपताना पोलीस वेगळे झाले. मग या लोकांनी स्वतःचं हेलिकॉप्टर घेतलं आणि पुढे स्वतःचं घर बांधलं.

“म्हणजे सासर सोडून बिऱ्हाड केलं,” वहिनी म्हणाल्या.

अगदी तसंच. आणि बिऱ्हाड म्हणजे नुसतं हेलिपॅड नव्हे. हँगर, इंधनाची टाकी, औषधांची खोली, डॉक्टर-पॅरामेडिक-पायलट यांना पाठ टेकायला जागा, तालमीची खोली, आणि वर्गणीचा हिशेब करणाऱ्यांचं ऑफिस, सगळं एका छपराखाली. घंटा वाजली की दोन-चार मिनिटांत पाती फिरली पाहिजेत, तर माणसं तिथंच जागी हवीत.

इथवर मी ज्ञान पाजळत होते. वहिनी गप्प झाल्या. कढीपत्त्याची पानं उगीच खुडत राहिल्या. मला वाटलं, इरकल आठवली. पण त्यांना दीर आठवले होते.

तुम्हाला सांगते, ही गोष्ट मला अर्धीच माहीत होती. दीर बेळगावला मेंदूत रक्तस्राव होऊन पडले. इथं बेंगळुरूला आणायचं ठरलं. रस्त्यानं पाचशे किलोमीटर, म्हणून विमान. दलालाला फोन केला. तो म्हणाला, विमान आहे, पण दिल्लीला आहे. दिल्लीहून बेळगावच्या सांबरा विमानतळावर रिकामं येणार, मग पेशंट घेऊन इकडे, मग परत रिकामं दिल्लीला. आणि या सगळ्या फेऱ्यांचे पैसे तुमचे. आगाऊ.

“ताई, माणूस गेला असता तरी चाललं असतं असं तेव्हा कुणी म्हणालं नाही, पण सगळ्यांच्या मनात आकडाच होता बघा. माझ्या चार बांगड्या आणि जावेचा चपलाहार बँकेत गेला. विमान यायला सहा तास. इकडं यायला एक तास. आणि इथं उतरल्यावर दवाखान्याला पोचायला?”

“किती?”

“सव्वा तास.”

आता आम्ही राहतो विमानपुऱ्यात. जुना विमानतळ आमच्या उशाशी. 2008 च्या मे महिन्यात प्रवासी विमानं देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळावर गेली, पण एचएएल या विमान कारखान्याची, हवाई दलाची आणि भाड्याची विमानं अजून इथंच उतरतात. पांढरं छोटं विमान उतरलं आणि मागोमाग रुग्णवाहिकेचा आवाज आला की मी हातातलं भांडं ठेवून एक नमस्कार करते. वहिनींचे दीरही असेच आमच्या डोक्यावरून आले असणार, आणि मी बहुतेक भाजी निवडत असेन.

दीर वाचले. बोलताना अडखळतात, पण रमी खेळतात.

तेवढ्यात आतून आमच्या ह्यांचा आवाज आला. हे एचएएलमधून निवृत्त, मूळचे सोलापूरचे. त्यामुळे विमानाचा विषय निघाला आणि हे गप्प राहिले असं घडत नाही. “वालचंद हिराचंद सोलापूरचे होते म्हणून हा कारखाना झाला! 1940 चा डिसेंबर! म्हैसूर सरकारनं जागा दिली!” हे वाक्य मी लग्नापासून ऐकते आहे. त्यात मला वालचंदांबद्दल आदरच वाटत आला. सोलापूरबद्दल मात्र हल्ली थोडा कमी.

पण ह्यांनी कंपाउंडशी येऊन जे सांगितलं ते खरं आहे. या गावात विमानं बनतात, ध्रुव हेलिकॉप्टर इथंच जन्मलं, 1992 साली पहिल्यांदा उडालं. हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिनची संस्था इथंच, 1957 पासून. उंचीवर गेल्यावर माणसाच्या शरीराचं काय होतं ते तिथं शिकवतात. हवेचा दाब कमी झाला की शरीरात अडकलेली हवा फुगते. छातीत हवा साठलेल्या पेशंटला ती काढल्याशिवाय वर नेलं तर फुप्फुस दबतं. म्हणून विमानात नुसता सिलिंडर आणि भाचा बसवून चालत नाही, तसा डॉक्टर लागतो.

“मग एवढं सगळं इथं असताना विमान दिल्लीहून का यायला पाहिजे?” वहिनींनी विचारलं.

ह्यांनी चष्मा पुसला. उत्तर नसलं की पुसतात.

अगदीच काही झालं नाही असं नाही. डॉ. शालिनी नलवाड आणि डॉ. राहुलसिंग सरदार या दोघांनी बेंगळुरूत आयसीएटीटी ही हवाई रुग्णवाहिकेची संस्था उभी केली, 2020 साली कोविडच्या धामधुमीत जक्कूरच्या विमानतळावरून त्यांची सेवा सुरू झाली. बंद पेटीत ठेवून पेशंट नेत. याच लोकांनी 2025 च्या फेब्रुवारीत चेन्नईच्या ईप्लेन कंपनीशी 788 उडत्या रुग्णवाहिकांचा करार केला, देशातल्या प्रत्येक जिल्ह्याला एक या हिशेबानं. मात्र ते विमान तेव्हा तयार व्हायचंच होतं. आणि ज्या जक्कूरवरून सेवा सुरू झाली त्याची धावपट्टी बळ्ळारी रोडच्या उड्डाणपुलानं आधीच आखूड करून ठेवलेली. एक खातं विमान बोलावतं, दुसरं त्याच्या वाटेत पूल बांधतं.

पैशाचं म्हणाल तर मध्य प्रदेशानं 2024 पासून आयुष्मान कार्डवाल्यांना हवाई रुग्णवाहिका फुकट केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ऋषिकेशच्या एम्सला हेलिकॉप्टर मिळालं. पुढच्या मे महिन्यात ते केदारनाथला उतरताना शेपटीवर आपटून मोडलं. आतले सगळे सुखरूप, पण सेवेचं एकच हेलिकॉप्टर असलं की असं होतं. आपल्याकडे उद्घाटनाला हेलिकॉप्टर लागतं. तळ, दुसरं हेलिकॉप्टर, रात्रीचे दिवे, पायलटच्या तीन पाळ्या यांचा फोटो नीट येत नाही.

“आणि उतरल्यावरचा सव्वा तास?” वहिनी काही तो सव्वा तास सोडेनात.

“त्याला आता मेट्रो,” हे म्हणाले. थट्टा नव्हती. 2025 च्या ऑगस्टमध्ये व्हाइटफील्डहून राजराजेश्वरी नगरला एका दात्याचं यकृत चक्क नम्म मेट्रोनं नेलं. रात्रीची वेळ. रस्त्यानं गेलं असतं तर वाटेत कुठल्या सिग्नलला उभं राहिलं असतं देव जाणे.

सोप्पूवाली, म्हणजे पालेभाजीवाली, ओरडत आली. वहिनींनी मेथीची एक जुडी माझ्यासाठी पण घेतली आणि एकदम म्हणाल्या, “ताई, आपण भिशी घालूया काय? वीस बायका, महिन्याला हजार. हेलिकॉप्टरचं एक चाक तरी येईल.”

“पुष्कळ हेलिकॉप्टरांना चाकं नसतात,” हे म्हणाले. “पट्ट्या असतात.”

“तुम्ही आत जा,” आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मग मीच हिशेब केला. वीस हजार म्हणजे दोनशे पौंडांहूनही कमीच. तिकडे एका फेरीला काही हजार पौंड लागतात. पण त्यांच्याही तळाच्या विटा एकेका पौंडानंच आल्या ना? वर्गणी एकदाची नाही, दर आठवड्याला, आणि वर्षानुवर्षं. आपण एकदाच मोठा आकडा देतो, दारावर पाटी लावतो आणि विसरतो. भिशी मात्र आपल्या बायका कधी चुकवत नाहीत. आमच्या गल्लीत कोविडमध्येसुद्धा भिशी चुकली नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगू शकते.

वहिनींचा फोन वाजला. लेकच होती, तिकडे पहाटेचे साडेतीन, बाळ रडत होतं म्हणून जागी. वहिनींनी स्पीकर लावला.

“किती आले गं इरकलचे?”

“वीस पौंड, आई. एका म्हाताऱ्या बाईनं घेतली. पडदे शिवणार म्हणाली.”

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. वीस पौंडांत हेलिकॉप्टर हँगरच्या दारापर्यंत तरी येतं की नाही कोण जाणे. मला वाटलं, आता रडतील किंवा चिडतील. त्यांनी फोन तोंडाजवळ नेला.

“पडदे? बरं. आणि खणाचा तुकडा होता त्यात ब्लाउजचा, तो तरी काढून ठेवलीस काय गं?”