कोंबडा न मागणारा मांत्रिक

जुने मेटल डिटेक्टर जमवणे हा निरुपद्रवी छंद. पण सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याकडे तो वळला की त्याला गुप्तधनाचा वास येऊ लागतो. या बिचाऱ्या जुन्या यंत्राला खिळा आणि मोहोर यांतला फरक कळत नाही. कॉइलखाली धातू आला की ते किंचाळते, एवढेच. गुप्तधन शोधून देणाऱ्या मांत्रिकापेक्षा मात्र प्रामाणिक, कोंबडा तरी मागत नाही! ‘शास्त्रीय शोधात गैर काय?’ असे कुणी विचारेल. शोध खुशाल घ्यावा, पण संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय कुदळ मारता येत नाही. स्मारकाबाहेर काही सापडले तरी १८७८ चा कायदा सांगतो, पुरलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. खिळे मात्र खुशाल घरी न्यावेत.