फॉर्मकाका

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये गणपतीची आरती संपली की दोन रांगा लागतात. एक प्रसादाची, दुसरी फॉर्मकाकांची. अमेरिकेचं नागरिक होण्यासाठी लागणारा एन-४०० हा अर्ज काकांना अथर्वशीर्षाइतकाच पाठ आहे.

"ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाली? नवरा अमेरिकन असेल तर तिनात भागतं. पाचातले तीस महिने तरी इथे काढलेत ना? मुदतीच्या ९० दिवस आधी अर्ज टाक." मग आवाज उतरतो. "मध्ये एकदम सहा महिन्यांच्या वर भारतात राहिली नाहीस ना? साहेब खोदून विचारतात." प्रत्येकाच्या परदेशवाऱ्यांच्या तारखा काकांच्या एक्सेलमध्ये असतात, स्वतःच्यासुद्धा. शिवाय कुणाला वेगासाठी दंड झाला, हेही त्यांना कळतं. अर्जापुढे कसली आली लाज!

मुलाखतीची तालीम ते घरीच घेतात. झुरळ पाहून खुर्चीवर चढणाऱ्या काकूंना ते दरडावून विचारतात, "कायद्यानं सांगितलं तर देशासाठी शस्त्र उचलाल?" अर्जात पूर्वी असलेल्या 'तुम्ही अट्टल दारुडे आहात का?' या प्रश्नावर एका गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं होतं. काका म्हणाले, "उत्तर अर्जदारानंच द्यायचं."

ऑक्टोबर २०२५मध्ये मुलाखतीतली नागरिकशास्त्राची परीक्षा बदलली. १०० प्रश्नांचे १२८ झाले, तोंडी विचारायचे दहाऐवजी वीस, त्यांतले बारा बरोबर हवेत. लोक हबकले. काकांना मात्र बोर्डाचा अभ्यासक्रम बदलल्यावर क्लासवाल्यांना येतो तसा हुरूप आला.

शपथविधी झाला की काकांचा शेवटचा धडा. "भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. पासपोर्ट जमा करा, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड घ्या. मत नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही. बाकी मजा करा."

आणि काका? ते अजून भारतीयच. ग्रीन कार्ड दोनदा नवं करून झालं, अर्ज नाही.

"साताऱ्याकडे जमीन आहे रे."

"पण काका, वडिलोपार्जित जमीन ओसीआयवाल्याकडेही राहते, असं तुम्हीच सांगता."

"बरोबरच सांगतो. पण मताचं काय?"

परदेशस्थ भारतीयाला मत देता येतं, पण त्यासाठी स्वतः केंद्रावर जावं लागतं. आणि निवडणुकीच्या हंगामात काका भारतात गेल्याची एकही तारीख त्यांच्या एक्सेलमध्ये नाही.

तेव्हा अर्ज कसा भरायचा ते काकांना जरूर विचारा. भरायचा की नाही, ते मात्र घरी ठरवून या.