दोष कुणाचाच नाही

भारतीय क्रिकेटचे प्रकार चार. कसोटी, एकदिवसीय, टी-ट्वेन्टी आणि प्रतीक्षा. पहिल्या तिन्हींत आपण कधी जिंकतो, कधी हरतो. चौथ्यात मात्र जगात कुणी आपला हात धरू शकत नाही.

या चौथ्या प्रकाराचे तत्त्वज्ञान मांडण्याचा मान निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर यांच्याकडे जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये आशिया चषकाचा संघ जाहीर झाला. त्याच वर्षी आयपीएलमध्ये सहाशेवर धावा करून पंजाबला अंतिम फेरीत नेणारा श्रेयस अय्यर त्यात नव्हता. का नव्हता? तर त्याचा काही दोष नाही, आमचाही नाही, त्याला संधीची वाट पाहावी लागेल, असा खुलासा आगरकरांनी केला. वा! पंचनामा झाला, प्रेत सापडले, पण खून काही झालेला नाही.

या न झालेल्या खुनांची परंपरा मोठी आहे, आणि तिच्यात मराठी माणूस मागे नाही याचा अभिमान बाळगायला हरकत नसावी. शिवाजी पार्कचे पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर त्यांनी तमिळनाडूला पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ असे गुंडाळले. कसोटी सामने: शून्य. कारण तेव्हा बेदी होते. हे कारण निदान खरे होते, आणि उत्तम गोलंदाजी करत होते.

अमोल मुझुमदार यांच्या बाबतीत तर प्रतीक्षेचे बाळकडू शाळेतच मिळाले. १९८८ साली आझाद मैदानावर सचिन आणि विनोद ६६४ धावांची भागी रचत होते, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा हा. तो पुढे वीस वर्षे तसाच बसला. रणजी पदार्पणात २६०, कारकिर्दीत अकरा हजारांवर धावा, आणि भारताची टोपी एकदाही नाही. शेवटी २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत महिला संघाने विश्वचषक जिंकला, त्या संघाचे प्रशिक्षक मुझुमदार. पुरुषांच्या एवढ्या निवड समित्या आल्या आणि गेल्या. जे त्यांना दिसले नाही ते पोरींनी करून दाखवले.

पण या शास्त्रातला माझा लाडका विद्यार्थी करुण नायर. भारताकडून कसोटीत त्रिशतक करणारे दोनच, सेहवाग आणि हा. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत नाबाद ३०३ केले आणि पुढच्या कसोटीत अकरातून बाहेर! मग काही वर्षांनी बिचाऱ्याने समाजमाध्यमावर थेट क्रिकेटलाच साकडे घातले, आणखी एक संधी दे म्हणून. निवड समितीला नाही, क्रिकेटला. माणसाला अनुभवाने शहाणपण येते ते असे. त्याने विदर्भात येऊन धावांच्या राशी घातल्या, नागपूरकरांना रणजी करंडक मिळवून दिला, तेव्हा कुठे २०२५ च्या इंग्लंड दौऱ्याचे दार उघडले. चार कसोटींत २०५ धावा झाल्या आणि दार पुन्हा बंद. आमच्या अपेक्षा जास्त होत्या, असे आगरकर म्हणाले. बरोबरच आहे. ३०३ केल्यावर ज्याला काढले, त्याच्याकडून अपेक्षा नेमकी किती होती ते एकदा आकड्यात सांगून टाका, म्हणजे पोराला कळेल.

सर्फराज खानचेही तेच. बेंगळुरूत न्यूझीलंडविरुद्ध १५० केल्या, मग ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात पाचही कसोटी बाहेर बसून पाहिल्या, मग वजन घटवले. आता वजनही नाही आणि जागाही नाही. ऋतुराज गायकवाडने डिसेंबर २०२५ मध्ये रायपूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १०५ धावा केल्या आणि न्यूझीलंडविरुद्धच्या पुढच्या एकदिवसीय मालिकेच्या संघातून नाव गायब. कारण श्रेयस परतला होता. म्हणजे कालचा प्रतीक्षाधारक हा आजच्या प्रतीक्षेचे कारण! यात दोष कुणाचा शोधणार?

निवडकर्त्यांना दोष देण्यात तसाही अर्थ नाही. २०२२ च्या टी-ट्वेन्टी विश्वचषकानंतर मंडळाने चेतन शर्मांची अख्खी समिती बरखास्त केली, नव्याने अर्ज मागवले, छाननी केली, आणि जानेवारीत नवे अध्यक्ष नेमले: चेतन शर्मा. आणि १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पाच कसोटींना आपण चार कर्णधार वापरले होते. तेव्हा हल्लीच गोंधळ वाढला असे कुणी म्हणू नये. आपण वारसा जपतो आहोत.

आता प्रशिक्षक. गौतम गंभीर यांना अष्टपैलू आवडतात. किती आवडतात? नोव्हेंबर २०२५ मध्ये ईडन गार्डन्सवर त्यांनी चार फिरकीपटू खेळवले आणि द्रविड, पुजारा ज्या तिसऱ्या क्रमांकावर घाम गाळत त्या जागी वॉशिंग्टन सुंदरला पाठवले. सुंदरचा दोष काही नाही; तो बिचारा त्यातल्या त्यात टिकला. १२४ धावा हव्या होत्या, संघ ९३ वर गारद. खेळपट्टी कशी होती? आम्हाला हवी होती तशीच, असे गंभीर म्हणाले. हव्या त्या खेळपट्टीवर हरायला धाडस लागते. पुढच्या कसोटीत गुवाहाटीला सुंदर थेट आठव्या क्रमांकावर गेला आणि आपण ४०८ धावांनी हरलो. कसोटीत धावांच्या हिशेबात आपला याहून मोठा पराभव नाही. आगरकर काही बोलणार नाहीत. ज्यांनी स्वतः २००२ मध्ये लॉर्ड्सवर आठव्या क्रमांकावर येऊन शतक ठोकले, त्यांना फलंदाजीचा क्रम ही अंधश्रद्धा वाटली तर नवल काय?

गुवाहाटीनंतर गंभीर म्हणाले, दोष सगळ्यांचा, सुरुवात माझ्यापासून. दिलदारी मान्य. पण सगळ्यांच्या दोषाची सुरुवात झाली की तिचा शेवट कुठेच होत नाही, हे आपल्याला सहकारी साखर कारखान्यांमुळे ठाऊक आहे. वर त्यांनी चॅम्पियन्स करंडकाची आठवण करून दिली. तोही खराच जिंकला. मात्र घरच्या मैदानावर न्यूझीलंडकडून ०-३ हा निकालही त्यांच्याच काळातला, आणि त्यात बेंगळुरूचे सर्वबाद ४६ आले. वानखेडेवर त्या मालिकेचा शेवट केला अकरा बळी घेऊन एजाझ पटेलने. हा एजाझ मुंबईत जन्मलेला. आई-वडिलांनी त्याला लहानपणीच न्यूझीलंडला नेले. इथे राहिला असता तर आज कांगा लीग खेळत संधीची वाट पाहत असता, आणि त्याचाही काही दोष नसता.

तेव्हा वाचकहो, तुमचा मुलगा सकाळी किट घेऊन मैदानावर जात असेल तर एक विनंती. फलंदाज असेल तर त्याला चार षटके ऑफस्पिन टाकायला शिकवा. ऑफस्पिनर असेल तर तिसऱ्या क्रमांकावर पॅड बांधून बसवा. आणि दोन्ही धड येत नसेल तर काळजी करू नका, प्रशिक्षकांना असाच लागतो.