लाल ठिपक्याचा चमचा

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरीच बेकिंगचे क्लास घ्यायचे, असं बायकोनं जाहीर केलं आणि माझी हमालपदी नेमणूक झाली. असली यादी हातात पडली की पुण्यातला माणूस रविवार पेठेत, बोहरी आळीत जातो. तिथं सगळं मिळतं. फक्त गाडी लावायला जागा मिळत नाही.

"चॉकलेट कंपाउंड देऊ, का कूव्हर्चर?" दुकानदारानं विचारलं.

"खायचं द्या."

त्यानं दयेनं पाहिलं आणि कंपाउंड बांधलं. त्यात कोको बटरऐवजी वनस्पतिजन्य चरबी असते, त्यामुळे वितळवल्यावर ते फारसे नखरे न करता पुन्हा घट्ट होतं. "नवशिक्यांना हेच बरं," तो म्हणाला. नवशिके म्हणजे क्लासवाल्या की मी, याचा खुलासा त्यानं केला नाही. मग टिन, बटर पेपर, ब्रश, २४० मिलिलिटरचा कप, १५ आणि ५ मिलिलिटरचे चमचे. पिशवी भरली, यादी संपली.

संपली कसली! नाव नोंदवलेल्यांपैकी निम्म्याजणी बिनअंड्याच्या निघाल्या. एका काकूंचा फोन आला, "मला चालतं हो अंडं, पण सासूबाईंसमोर विषय नको." त्यात आईचा हुकूम सुटला, अंड्याचं भांडं माझ्या भांड्यांत मिसळायचं नाही. म्हणजे बाऊल दोन, बीटर दोन, चमच्यांचे संच दोन. मी पुन्हा बोहरी आळीत! पाकिटांवर शाकाहाराची हिरवी खूण असते ना, त्या धर्तीवर बायकोनं अंड्याच्या प्रत्येक वस्तूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. घाईत एक ठिपका माझ्या चहाच्या कपावर पडला. आई तेव्हापासून तो कप विसळत नाही.

अंड्याऐवजी काय, तर दही आणि खायचा सोडा. दह्यातल्या आम्लामुळे सोड्यातून वायू सुटतो आणि केक फुगतो, असं बायकोनं समजावलं.

"मग ढोकळ्यात वेगळं काय होतं?" आईनं विचारलं.

यावर बायकोकडे उत्तर नव्हतं. ओव्हन होता.

पण ओव्हनला सोळा अँपिअरचा प्लग लागतो, आणि आमच्या जुन्या इमारतीत तो दोनच ठिकाणी आहे: बाथरूममध्ये गीझरला आणि बेडरूममध्ये एसीला. त्यातल्या त्यात सभ्य म्हणून बेडरूम ठरली. आता मिश्रण स्वयंपाकघरात होतं आणि टिन हातात धरून बायकांची वरात हॉलमधून, माझ्या पेपरसमोरून, बेडरूममध्ये जाते. "आम्ही दिवाळीला रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचो," आई ऐकवते, "नानकटाई आपली, भट्टी त्याची. कुणाच्या पलंगाशेजारी नाही भाजली."

पहिल्या दिवशी केक बरा झाला. जाताना मात्र कुणी कृती विचारली नाही. सगळ्यांनी सामानाच्या यादीचा फोटो काढला आणि आपापल्या नवऱ्यांना पाठवला. रात्री त्यातल्या एकाचा फोन आला.

"काका, गाडी कुठं लावता?"