कंसात इंग्रजी उच्चार विकणाऱ्या गाइडकर्त्यास



तुमच्या गाइडात इंग्रजी शब्दापुढे कंसात देवनागरी उच्चार असतो. देवमासा: व्हेल. नववधूच्या तोंडावरचा जाळीदार पडदा: तोही व्हेल. माझ्या वर्गातल्या मुली हे घोकून येतात, आणि मुलाखतीत समोरचा पुन्हा पुन्हा ‘पार्डन?’ म्हणू लागला की गप्प होतात. तुमचे काय जाते? गाइड तर खपलेले असते.

पडद्याच्या शब्दाला वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकवून वारा सोडायचा. माशाच्या शब्दाला ओठ शिट्टीसारखे गोल करायचे, दातांचे तिथे काम नाही. हातात आरसा दिला की हे एका तासात जमते. तुमच्या गाइडात याबद्दल अवाक्षर नाही.

भूतकाळाचे तर तुम्ही पार मातेरे केलेत. वॉक्ड, स्टॉप्ड, प्लेड, सगळीकडे ड. अहो, कठोर आणि मृदू व्यंजने मुले शाळेत मराठीच्या व्याकरणातच शिकतात. त्याच शब्दांत सांगा: क, प यांसारख्या कठोर ध्वनीनंतर ट, मृदू ध्वनी किंवा स्वर असेल तर ड, मूळ क्रियापदाच्या शेवटीच ट किंवा ड असेल तर इड. झाला नियम. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी तोंडातल्या जागेनुसार लावलेली वर्णमाला लहानपणी म्हणणाऱ्या मुलांना ध्वनिशास्त्र झेपणार नाही, हे तुम्ही कुणाला विचारून ठरवलेत?

आणि ते ‘कम्फर्टेबल’, ‘व्हेजिटेबल’! दोन्हींत टेबल नाही. आघात शब्दाच्या पहिल्या अवयवावर, पुढचे सारे घाईने पुटपुटलेले. त्या पुटपुटलेल्या स्वराला शब्दकोशात उलट्या ‘ई’चे चिन्ह असते. इंग्रजीत सर्वाधिक वेळा येणारा स्वर हाच, आणि तुमच्याकडे नेमका तोच गायब. आघाताची खूणही नाही. फोटोग्राफमध्ये आघात पहिल्या अवयवावर, फोटोग्राफीत दुसऱ्यावर, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर. तो चुकला की बाकी ध्वनी बरोबर असूनही ऐकणारा गोंधळतो.

साहेबासारखे बोला, असे मी कुणालाच सांगत नाही. आपला ट आपलाच राहू द्या, त्याने कुणाचे अडत नाही. बोललेले समोरच्याला कळावे, एवढेच मागणे आहे.

इंग्रजीची अक्षरे २६, ध्वनी साधारण ४४. हा घोळ जगाला ठाऊक आहे. १८८६ साली पॅरिसमध्ये पॉल पासी आणि इतर भाषाशिक्षकांनी संघटना उभारली, तिच्यातूनच आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी आली. डॅनियल जोन्सचा उच्चारकोश १९१७ चा. आज विद्यार्थ्यांसाठीच्या ऑक्सफर्ड कोशात शब्दाशेजारी ही लिपी असतेच. ती वाचायला शिकवायचे सोडून तुम्ही कंस विकत बसलात.

पुढच्या आवृत्तीतून तो कंस काढा. ध्वनिलिपी छापा, आघाताची खूण छापा, पहिल्या पानावर ओठ, दात, जीभ दाखवणारी आकृती द्या. हे होणार नसेल, तर मुखपृष्ठावरून ‘अचूक उच्चारांसह’ ही ओळ तरी पुसा.

आपली,
इंग्रजीची एक शिक्षिका