मशीन उभी आहे

डोळखांबच्या बाजारात पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर ग्रीसचा डाग आणि कानाला फोन असा माणूस दिसला, की ओळखावं, हे मशीनवाले शेठ. "निघाली मशीन, पोचतेच आता," असं ते ठासून सांगत असतात. खोदकामाची ती मशीन तेव्हा शेजारच्या गावात बकेट जमिनीला टेकवून उभी असते.

शेठच्या बापजाद्यांनी भाताच्या खाचरात बैल हाकले. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग इथल्या शहापूर तालुक्यात शिरला आणि जो तो मुरूम, डंपर, भाडं याच भाषेत बोलू लागला. शेठचा एक गुंठाही त्यात गेला नव्हता, पण वारं अंगात शिरलं. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. त्याआधीच कामं ओसरू लागली होती. नेमकी तेव्हा यांनी जुनी मशीन घेतली. "मीटर बघा, फक्त चार हजार तास!" मीटर खरंच चार हजार दाखवत होता. आजही चार हजारच दाखवतो.

मशीनचा खरा हंगाम मे महिना. मजगी, बांध, विहीर, घराचा पाया, सगळ्यांना सगळं पावसाआधी हवं असतं. पाइपही तेव्हाच फुटतो. हायड्रॉलिक तेलाचा दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या साधारण शंभरपट. त्यामुळे पाइप गुपचूप फुटत नाही. ऑपरेटरच्या बनियनपासून शेतमालकाच्या टोपीपर्यंत सगळ्यांना तेल सारखं वाटून देतो. कधी सात-साडेसात टनांचं हे धूड अंगठीएवढ्या रबरी ओ-रिंगवर अडतं. तशा ओ-रिंगा शेठच्या खिशात मूठभर असतात. हवी ती सोडून सगळ्या मापांच्या.

मग मेस्त्रीला फोन. "किन्हवलीला पोचलो, शेठ." सकाळी किन्हवलीला पोचलेला मेस्त्री दुपारपर्यंत किन्हवलीलाच पोचत असतो. तोवर बघ्यांपैकी प्रत्येकजण एकेक नट पिळून बघतो आणि ऑपरेटर आंब्याखाली झारखंडला घरी व्हिडिओ कॉल लावतो. मेस्त्री येतो तो जावयाच्या थाटात. आधी चहा, मग तंबाखू, मग मशीन. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपावर, मूठ कानाला. डोळे मिटून ऐकतो आणि म्हणतो, "पंप गेला."

शेठ मटकन दगडावर बसतात. पंप म्हणजे लाखाची गोष्ट. मेस्त्री त्यांना पुरतं घामाघूम होऊ देतो, मग सावकाश सांगतो, "थांबा, सील किटवर भागेल बहुतेक." काही हजारांचं ते किट शेठना अशा वेळी फुकट मिळाल्यासारखं वाटतं. मजुरीत घासाघीस करायचंही ते विसरतात. एवढा मानसशास्त्राचा अभ्यास मेस्त्रीने कुठे केला, कोण जाणे.

किट कल्याणला. माणूस जाणार, दुकान बंद असणार, दुसऱ्या दिवशी चुकीचं माप येणार. मशीन उभी असली की तासाचं भाडं थांबतं. बँकेचा हप्ता मात्र रविवारीही चालतो.

तिसऱ्या दिवशी शेठ चहाच्या टपरीवर जाहीर करतात, "बस झालं, विकून टाकतो." गिऱ्हाईक येतंही. पण बंद मशीनला ते भंगाराचा भाव सांगतं. शेठ भडकून मेस्त्रीला दुप्पट घाई करतात, मशीन सुरू होते, गिऱ्हाईक भाव वाढवून पुन्हा येतं. शेठ बाही झटकत विचारतात, "अहो, चालती मशीन कोण विकतं?"