कोरडा दर्यावर्दी

मिशिगनला चार महासरोवरांचा किनारा आहे, शिवाय आत हजारो तळी. इथे दारात बोट असणं म्हणजे आपल्याकडे स्कूटर असण्यासारखं, कोणी वळूनही बघत नाही. पण आमच्या गल्लीतला बोटवाला त्या सामान्य जमातीतला नव्हे. त्याची बोट लाकडाची आहे, म्हातारी आहे आणि गॅरेजात आहे. थंडीभर तिच्या उशाशी हीटर चालतो. घरची मोटार बाहेर, बर्फाखाली.

‘तुमची बोट’ असं नुसतं म्हटलेलं त्याला खपत नाही. ‘1948 ची क्रिस-क्राफ्ट डीलक्स रनअबाउट, 17 फूट, के इंजिन, 95 अश्वशक्ती’ असं गोत्रासकट म्हणायचं. व्हर्जिनियातल्या मरिनर्स म्युझियममध्ये ह्या कंपनीची जुनी दप्तरं आहेत. तिथून त्याने आपल्या बोटीच्या कारखान्यातल्या कार्डाची प्रत मागवली. ही जन्मपत्रिका फ्रेम करून दिवाणखान्यात लावली आहे. लग्नाचा फोटो जिन्याखाली गेला.

एकदा मी भाबडेपणाने म्हणालो, “वा, महोगनी!” त्याचा चेहरा पडला. “फिलिपीन महोगनी. म्हणजे वनस्पतिशास्त्राप्रमाणे ती महोगनी नव्हेच.” त्या संध्याकाळी आमच्याकडचं जेवण गार झालं.

खरं तर ह्या बोटी काही विश्वकर्म्याने घडवलेल्या नाहीत. अल्गोनॅक गावात सुरू झालेल्या कंपनीच्या कारखान्यांतून त्या एकामागून एक बाहेर पडायच्या. कामगार स्क्रू पिळायचा, वर लाकडी बूच ठोकायचा आणि पुढच्या बोटीकडे वळायचा. आमचा गृहस्थ प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरची खाच फळीच्या लांबीला समांतर आणतो. ती मनासारखी आली की त्यावर बूच बसवतो, तेही बुचाच्या रेघा फळीच्या रेघांशी जुळवून. म्हणजे खाच सरळ आहे की वाकडी, हे आता बोट फुटल्याशिवाय कोणाला कळणार नाही. “मला माहीत असेल ना,” तो म्हणतो. ह्यावर काय बोलणार?

शेजाऱ्यांचा उपयोग फक्त वाफेच्या दिवशी. नाळेजवळच्या फळीला पीळ द्यायचा तर ती आधी लांब पेटीत वाफवावी लागते आणि बाहेर काढल्यावर गरम आहे तोवरच वळते. त्या शनिवारी एक दंतवैद्य, एक पाद्री आणि मी हातमोजे घालून रांगेत उभे होतो. “दाबा! दाबा!” हा त्याचा आवाज ऐकून पलीकडच्या बाईंनी खिडकीतून चौकशी केली, सगळं ठीक आहे ना?

व्हार्निशच्या दिवशी उलट. धूळ बसू नये म्हणून जमीन ओली करतात, हीटरसुद्धा बंद. घरात शिंकायला बंदी. हात वाळला की पॉलिश पेपर, मग पुढचा हात. असे डझनावारी.

उन्हाळ्यात माझे सासरे मालवणहून आले. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होड्या. त्यांनी बोटीभोवती एक फेरी मारली, फळीवर टिचकी वाजवून पाहिली आणि म्हणाले, “काम बरां केल्यान. पण पाण्यात कधी घालतलो?”

“काय म्हणतात ते?”

“रंग आवडला म्हणतात.”

“अजून दोन हात बाकी आहेत,” तो लाजून म्हणाला.

आणि एके दिवशी बोट खरोखर तळ्यात उतरली. उतरताच तळातून पाणी आत यायला लागलं. बघे बादल्या शोधू लागले. हा मात्र प्रसन्न. वर्षानुवर्षं सुकलेल्या फळ्या पाणी पितात, फुगतात आणि मग फटी आपोआप बुजतात. त्याने बोट पट्ट्यांवर तोलून धरली, पंप चालू केला आणि रात्रभर धक्क्यावर खुर्ची टाकून बसला.

दुसऱ्या दिवशी एका पोराने विचारलं, “काका, हिचा वेग किती?”

त्याने घसा खाकरला. 95 अश्वशक्तीपासून सुरुवात होणार, इतक्यात त्याच्या बायकोने मासिकातून डोकं वर न काढता सांगितलं, “वर्षाला दीड फूट.”